घटसर्पवाले शिवहार डॉक्टर

शिवहार डॉक्टर माणसाला भेटले की आधी त्याचा कान धरतात. रागानं नाही आणि लाडानंही नाही. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात कानाची पाळी धरायची, डोळे बारीक करायचे आणि मग निकाल द्यायचा. कान गार लागला तर "पाणी कमी पडायलंय." गरम लागला तर "आज ऊन टाळा." एवढं झालं की मग "शरणार्थ" म्हणून हात जोडायचे. गुरांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढल्यावर हात आपोआप कानाकडं जातो, त्याला ते तरी काय करणार!

आमच्या पालमच्या पंचायत समितीत नवे गटविकास अधिकारी हजर झाले, त्या दिवशी आम्ही सगळे हार घेऊन रांगेत उभे होतो. डॉक्टरांनी हार घातला आणि त्याच हातानं साहेबांचा कान धरला.

"साहेब, कान गार हायत. सकाळपासून काय खाल्लं न्हाई का?"

आम्ही सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागलो. पण साहेबांनी खरंच काही खाल्लं नव्हतं. त्यांनी पोहे मागवले. डॉक्टरांची बदली टळली ती त्या पोह्यांमुळं, असं माझं आजही मत आहे.

सरकारी कागदावर डॉक्टर हे पशुधन पर्यवेक्षक. गावोगावी त्यांना 'जनावराचे डॉक्टर' म्हणतात. मी त्याच पंचायत समितीत आवक-जावक बघतो. म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, रजिस्टरला नंबर टाकायचा आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा. हे काम मी इतकं मन लावून करतो की एकदा घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरही 'आवक' असं लिहून बसलो होतो.

तर डॉक्टर, मी आणि पूर्णेचे सलीमभाई असा आमचा तिघांचा एक बँड आहे. रॉक बँड. आम्ही बारमध्ये वाजवतो आणि फक्त स्वतःची गाणी वाजवतो. बँडचं नाव 'घटसर्प'.

हे नाव ऐकून परभणीतले माझे एक साडू फार खूश झाले होते. "काय खतरनाक नाव आहे हो, अंगावर काटा आला," म्हणाले. घटसर्प हा पावसाळ्याच्या तोंडी गुरांना होणारा घशाचा रोग आहे आणि त्याची लस सरकारी दवाखान्यात मिळते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आयुष्यात माझ्यामुळं कुणाच्या अंगावर पहिल्यांदाच काटा आला होता.

डॉक्टरांना गिटार मिळाली ती परभणीला शिकत असताना. वसतिगृहात त्यांच्या खोलीत नागालँडचा एक मुलगा होता. दोन वर्षं त्याला मराठी आली नाही आणि ह्यांना त्याची भाषा आली नाही. त्यानं ह्यांना गिटार शिकवली, ह्यांनी त्याला ज्वारीची भाकरी खायला शिकवली. जाताना तो गिटार ठेवून गेला. ती गिटार पुढं प्रत्येक बदलीच्या गावी डॉक्टरांच्या मोटरसायकलवर, लसींच्या बर्फाच्या पेटीला दोरीनं बांधून हिंडली.

माझी कथा एवढी पवित्र नाही. भाच्याच्या वाढदिवसाला गिटार घ्यायला मी नांदेडला गेलो होतो. दुकानात एक जुनी, जाडजूड, चारच तारांची गिटार दिसली. दुकानदार म्हणाला, "ही बेस हाय." मला वाटलं, चांगली आहे म्हणतोय. दोन तारा कमी असल्यानं स्वस्तात देत असेल, असा हिशोब मी मनाशी केला आणि घेऊन आलो. भाच्यानं ती बघितली, एक तार वाजवली आणि म्हणाला, "मामा, ही बेस गिटार आहे. ही एकट्यानं वाजवायची नसती." त्यानं सायकल मागून घेतली आणि गिटार माझ्या गळ्यात पडली. ऑफिसात मी हे गंमत म्हणून सांगितलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी माझा कान धरला आणि म्हणाले, "बाबू, रविवारी दवाखान्यात या. गिटार घेऊन या."

सलीमभाई रेल्वेत कीमन. हातोडा घेऊन रोज रुळावरून मैलोन्‌मैल चालायचं आणि सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या. त्यांची गाय डॉक्टरांनी एकदा पोटफुगीतून वाचवली होती. तिच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, सुई घातल्यावर जो 'फुस्स' आवाज आला, त्यावर सलीमभाईंनी नकळत पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला, असं डॉक्टर सांगतात. सलीमभाई म्हणतात, "मैं तो घबराके डब्बा पीटरा था." ते काही असो, आमचा ड्रमर ठरला तो त्या गाईच्या गोठ्यात.

सराव रविवारी दुपारी, गुरांच्या दवाखान्यात. तिथं जनावर हलू नये म्हणून त्याला उभं करायची एक लोखंडी चौकट असते, तिला खोडा म्हणतात. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला त्यात उभं केलं. "तुमी वाजवताना लय हालायलाव, बाबू. ताल सुटायलाय." दोन बाजूंना लोखंडी दांड्या, पुढं गव्हाण आणि मध्ये मी. मधूनच कुणीतरी आजारी शेळी घेऊन यायचं आणि आधी माझ्याकडं आणि मग डॉक्टरांकडं बघून विचारायचं, "ह्यांचं व्हायला वेळ लागंल का?"

गाणी सगळी डॉक्टरांची. 'लाळ्या-खुरकत' हे गुरांच्या तोंडाखुरांच्या रोगावरचं जोरकस गाणं, ऐकताना छातीत धडधडायचं. 'पोटफुगी' त्याहून जलद. "कोवळं गवत, ओलं रान, नको म्हणलं तरी भरलं पान, आता डाव्या कुशीत नगारा वाजं," अशी तिची सुरुवात. मी एकदा भीत भीत सुचवलं की चारदोन सिनेमातली गाणीही बसवू, लोकांना ओळखीचं काहीतरी पाहिजे असतं. डॉक्टरांनी गिटार खाली ठेवली.

"बाबू, कृत्रिम रेतन मी सरकारी कामात करतो. गाण्यात करणार न्हाई. गाणं नैसर्गिकच पाहिजे."

मी पुन्हा 'पोटफुगी'च्या तारा छेडायला लागलो.

आम्हाला बार मिळाला तो गाण्यामुळं नाही, रेडकामुळं. गंगाखेड रोडला गोविंदशेठचं परमिट रूम आहे, पुढं लिंबाची झाडं आणि झाडांखाली टेबलं. शेठच्या म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं. डॉक्टरांनी दंडापर्यंत हात घालून, तीन तास झटून ते जिवंत काढलं. शेठ म्हणाले, "मागा काय मागायचं ते." डॉक्टरांनी शनिवारची संध्याकाळ मागितली. शेठला वाटलं गुरांचं शिबिर घ्यायचंय, म्हणून त्यांनी आनंदानं हो म्हटलं.

डॉक्टर स्वतः थेंबाला शिवत नाहीत. बारच्या स्वयंपाकघरातलं पाणीही पीत नाहीत, घरून बाटली आणतात. कपाळाला भस्म, अंगात काळा शर्ट, त्याच्या आत गळ्यातलं लिंग. वाजवायच्या आधी शर्टावरूनच त्याला हात लावायचा, डोळे मिटायचे आणि मग एकदम 'लाळ्या-खुरकत' सुरू करायचं. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक ग्लास तसाच हातात धरून बघत राहायचं.

आमची जागा हात धुवायच्या बेसिनच्या आणि मोठ्या कूलरच्या मध्ये. पहिल्या शनिवारी एक ठेकेदार उठून शेठला म्हणाला, "एक तर कूलर बंद करा न्हाई तर गाणं." शेठ कूलरकडं वळले, तसा तो घाईनं म्हणाला, "कूलर ऱ्हाऊ द्या." दुसऱ्या एका शनिवारी 'घटसर्प' हे आमचं बँडच्या नावाचं मोठं गाणं संपलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून हात वर झाला. वाटलं, फर्माईश आली. माणूस म्हणाला, "डॉक्टर, लस कवा येणार हाय?" डॉक्टरांनी माइकवरूनच गाववार तारखा सांगितल्या. त्या रात्रीच्या टाळ्या आम्हाला मिळालेल्या टाळ्यांमध्ये सगळ्यात मोठ्या होत्या.

मला कधी कुणी फर्माईश केली नाही. माझ्या बायकोनं एकदा मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, "ह्याच्यात तुमी कुठं आहात?" मी म्हटलं, खालून जो घुमल्यासारखा आवाज येतोय तो मी. ती म्हणाली, "मला वाटलं ट्रॅक्टर चाललाय."

असं आमचं बरं चाललं होतं. मग लंपीची साथ आली.

गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या. बाजार बंद झाले. डॉक्टर पहाटे पाचला बर्फाची पेटी घेऊन निघायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. शनिवार बंद झाले, रविवार बंद झाले. सलीमभाईंची तीच गाय त्या साथीत गेली. मी फोन केला तर म्हणाले, "डब्बा भी फेंक दिया मियाँ," आणि फोन ठेवला.

डॉक्टर दर दोन दिवसांनी माझ्या टेबलावर मेलेल्या जनावरांच्या पंचनाम्यांचा गठ्ठा आणून ठेवायचे. बिल्ला क्रमांक, जात, वय, रंग, शिंगांचा आकार. मी शिक्का मारून नंबर टाकत जायचो. त्या दिवसांत त्यांनी कुणाचाच कान धरला नाही. एकदा गठ्ठा ठेवून ते तिथंच उभे राहिले आणि म्हणाले, "बाबू, ह्याच्यात नावाचा रकाना न्हाई."

मी फॉर्म बघितला आणि म्हटलं, "आहे की डॉक्टर, हा काय वरच. मालकाचं पूर्ण नाव."

 डॉक्टर माझ्या टेबलावरचं पाणी प्यायले आणि निघून गेले. ते काय म्हणत होते हे माझ्या डोक्यात शिरायला चार महिने लागले. सरकारी कागदही एवढा वेळ घेत नाही.

साथ ओसरल्यावर डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. तोच खोडा, तीच गव्हाण. नवं गाणं आहे म्हणाले. संथ होतं, आणि त्यात दुसरे शब्दच नव्हते, नुसती नावं. पवळ्या. तांबडी. सर्ज्या. हरणी. चांदणी. मोऱ्या. मी तारा छेडत होतो आणि चौथ्या-पाचव्या नावाला माझ्या लक्षात आलं, की ह्या सगळ्यांना मी नंबर टाकलेले आहेत. सलीमभाईंच्या गाईचं नाव आलं, 'मलिका', तेव्हा त्यांचे हात थांबले. डॉक्टरही थांबले. मग सलीमभाई म्हणाले, "हौ, चलो," आणि पुन्हा ठेका धरला.

पुढच्या शनिवारी आम्ही ते बारमध्ये वाजवलं. सिनेमातलं काहीतरी म्हणा म्हणून ओरडणारी एक नेहमीची टोळी होती, तिच्यातला एकजण उठला. मला वाटलं, आता शेंगदाणे फेकून मारणार. तो जवळ आला आणि डॉक्टरांना म्हणाला, "आमचा राजा घ्या ना त्याच्यात." डॉक्टरांनी पुढच्या ओळीत राजा घेतला. मग दुसऱ्या टेबलावरून सोन्या आला, तिसऱ्यावरून गुणी. शेठनं स्वतः जाऊन कूलर बंद केला. ते गाणं त्या दिवशी अर्धा तास चाललं.

ही गोष्ट पसरत परभणीपर्यंत गेली. तिथल्या एका मोठ्या हॉटेलचे मालक आम्हाला ऐकायला येणार असा निरोप आला. हॉटेलात स्टेज होतं, रंगीत दिवे होते. आवडलो तर दर शनिवार आमचा. मी नवा शर्ट शिवला. इतकंच नाही, वाजवताना मान किती हलवायची याचा आरशासमोर सराव केला.

मालक ठरल्या वेळी, सातच्या सुमारास आले आणि पुढच्या टेबलावर बसले. 'पोटफुगी' चांगली झाली, त्यांचा पाय हलत होता. तो पाय मी डोळ्यांनी पकडून ठेवला होता. दुसरं गाणं सुरू करणार, तेवढ्यात शेठनं येऊन डॉक्टरांच्या कानात सांगितलं, की फाटकाबाहेर एक म्हातारा उभा आहे, आत येत नाही आणि जातही नाही. डॉक्टर गिटार ठेवून बाहेर गेले. मी माइकवरून मालकांना म्हणालो, "दोनच मिनिटं." ते माझं त्या दिवशीचं एकमेव गायन.

दोनाची पाच मिनिटं झाली तसा मी डॉक्टरांना आणायला बाहेर गेलो. म्हातारा रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभा होता. कपाळाला भस्म, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. संगाप्पा त्यांचं नाव, चार कोसांवरच्या गावातून आलेले.

"ह्या दारात पाय न्हाई टाकायचा, अशी माझी आण हाय," ते सांगत होते. "पुतण्या म्हणला, तुमी जनावराची नावं घ्यायलाव गाण्यात. म्हणून आलो. माझी कपिली घेतली का?"

 "न्हाई, आप्पा," डॉक्टर म्हणाले. "मी आलतो तुमच्या गोठ्यात. पंचनामा मीच केलाय. पण नाव माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. इसरलो."

"असू द्या," म्हातारा म्हणाला. "तुमच्या मागं लय होतं तवा." पण जाण्यासाठी काही वळला नाही.

डॉक्टर आत गेले. मला वाटलं, आता कार्यक्रम सुरू. ते आले तेव्हा त्यांच्या हातात गिटार होती आणि मागं सलीमभाई होते. मी डॉक्टरांचा हात धरला. "डॉक्टर, ते परभणीचे बसलेत. तीन गाणी होऊ द्या, मग निवांत या. आप्पा थांबतील."

"आप्पा चार कोस चालत आलेत, बाबू."

"ते वीस कोस गाडी घेऊन आलेत!"

हे मी खरोखर बोललो. लिहायला लाज वाटते, पण बोललो. डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. रस्त्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, म्हाताऱ्याच्या शेजारी बसले आणि विचारायला लागले. रंग कसा होता? कपिलाच, पण कपाळावर पांढरा ठिपका. चालायची कशी? डावा पाय जरा ओढायची, लहानपणी गव्हाणीत अडकला होता. कशाची आवड? कडब्यापेक्षा उसाच्या वाढ्याची. कुणाला मारायची? "कुणालाच न्हाई. माझ्या सुनंला तेवढं शिंग दाखवायची," म्हातारा म्हणाला आणि हसला.

मग गाणं झालं. डॉक्टरांनी तिथल्या तिथं जुळवलेलं. सलीमभाईंनी मोटरसायकलच्या टाकीवर ठेका धरला. माझ्या गिटारला वीज लागते, त्यामुळं मी टाळ्या वाजवल्या. त्या दोनदा चुकल्या, सलीमभाईंनी नजरेनं सांगितल्यावर मी त्याही बंद केल्या. उसाचे ट्रॅक्टर जात होते, गाडीवाले वळून बघत होते.

संपल्यावर म्हातारा म्हणाला, "अजून एकदा."

दुसऱ्यांदा म्हटलं. पुन्हा म्हणाला, "अजून एकदा." तिसऱ्या वेळी नावाची जागा आली आणि डॉक्टरांचा आवाज निघेना. गिटार चालू, ठेका चालू, तोंड उघडं आणि आवाज नाही. आम्ही त्या जागेभोवती एक फेरा घेतला, दुसरा घेतला. तेव्हा म्हाताऱ्यानं मान वर केली आणि समोरच्या काळ्या रानाकडं बघून, दिवस मावळताना जनावराला हाक मारतात तशी लांब हाक मारली, "कपिलेऽऽ... ये गं बाई."

नंतर कुणी काही वाजवलं नाही. संगाप्पांनी डॉक्टरांच्या डोक्यावर हात ठेवला, काठी उचलली आणि त्यांना शोधत आलेल्या पुतण्याच्या गाडीवर बसून गेले.

परभणीचे मालक केव्हाच निघून गेले होते. त्यांच्या टेबलावर भाजलेल्या पापडाचा अर्धा तुकडा राहिला होता.  सलीमभाईंना पूर्णेची गाडी गाठायची होती, ते ड्रम बांधून निघाले. मी पुलाजवळ आलो तर डॉक्टर अजून तिथंच बसलेले.

"जायचं ना, डॉक्टर?"

"जाऊ की. घाई कशाची हाय? कुलूपच काढायचंय."

डॉक्टरांची बायको आणि मुलगी लातूरला असतात, मुलीच्या शिक्षणासाठी. हे मला माहीत होतं. ऑफिसातल्या सगळ्यांनाच माहीत होतं, जसं कुणाचं मूळ गाव माहीत असतं तसं. साथीच्या चार महिन्यांत ते एकदाही तिकडं गेले नव्हते, हे मात्र तिथं पुलाजवळ उभं असताना माझ्या लक्षात आलं. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून जातात, आणि त्यांचा एकही आला नव्हता.

"पोरीला हे नावाचं गाणं ऐकवलं फोनवर," ते म्हणाले. "ती म्हणली, बाबा, अभ्यास करायलेय, नंतर ऐकते. बरोबर हाय तिचं. परीक्षा हाय."

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मला सुचलं ते एवढंच, की परीक्षा झाल्यावर ऐकेल. ते मी बोललो. डॉक्टरांनी मान हलवली, गिटार पिशवीत घातली, चेन नीट लावली, पुन्हा उघडून पुन्हा लावली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"बाबू, तुमच्याकडं आज भाजी काय हाय?"

इतक्या वर्षांत ते आमच्या घरी जेवायला आलेले नव्हते. दिवाळीला बोलावलं, मुलाच्या बारशाला बोलावलं, दर वेळी कुठंतरी कुणाची गाय अडलेली असायची.

"शेपू असंल," मी म्हणालो. "तुम्हाला चालतो का शेपू?"

"चालतो की."

मी बाजूला होऊन घरी फोन लावला आणि बायकोला चार भाकरी जास्त टाकायला सांगितल्या.